चेन्नईहून घिवलीला, चिंबोऱ्यांसह

घिवली

चिंबोऱ्यांना, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांना, विमानात बसवून आणायचं ठरलंय, ही बातमी घिवलीत पसरली तेव्हा जाळी दुरुस्त करत बसलेल्या पुरुषांची चांगलीच करमणूक झाली. "मंजूबाय, खिडकीची जागा कोनाला? तुला का चिंबोरीला?" असं कुणीतरी ओरडलं. मंजूमावशी थांबली नाही. डोक्यावरची पाटी सावरत एवढंच म्हणाली, "जिला पोट भरायचं हाय तिला."

ही मंजूमावशी साठीला आलेली. आमच्या वसाहतीत ती वीस वर्षं मासळी घेऊन येते. माझे यजमान तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला लागले आणि मी सांगोल्याहून इकडे आले, तेव्हा मला मासे धरायचेही कसे हे माहीत नव्हतं. माझ्या माहेरी प्यायचं पाणी टँकरने यायचं. मासा तिथे कुठला? मावशीने माझ्या ओट्यापाशी बसून मला पापलेट साफ करायला शिकवलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मावशी आणि आणखी सात बायकांचा बचत गट आहे. खाडीलगत, तिवरांच्या मागे त्यांनी एक तळं घेतलं आणि त्यात चिंबोऱ्या वाढवायचं ठरवलं. खाडीतली चिंबोरी आता पूर्वीसारखी मिळत नाही. पिल्लं तयार करणारी हॅचरी होती तमिळनाडूत. आदल्या वर्षी त्यांनी तिथून पिल्लं रस्त्याने मागवली होती. ती पोचायला दोन दिवस गेले. खोकी उघडली, मेलेल्या पिल्लांचा वास आला, आणि मावशीने ते सगळं खड्ड्यात पुरलं.

या वर्षी शेवटचा प्रयत्न करायचा असं गटात ठरलं होतं. नाही जमलं तर तळं सोडून द्यायचं. गटातल्या तिघी तरुण मुलींनी बोईसरच्या कंपन्यांमध्ये पॅकिंगच्या कामासाठी ठेकेदाराकडे नावंही देऊन ठेवली होती. हॅचरीवाल्यांचा फोनवर एकच आग्रह होता: पिल्लं विमानाने न्या, सकाळी भरलेली संध्याकाळी पाण्यात सुटली पाहिजेत, आणि तुमच्यापैकी कुणीतरी इथे येऊन ती सोडायची कशी ते शिकून जा.

"मी जाते," मावशी म्हणाली. "पन बोलाया सुनंदा पायजे."

सुनंदा म्हणजे मी. अशी मी चिंबोऱ्यांच्या वरातीत सामील झाले.

मुंबई विमानतळ

ऑक्टोबर सरत आला होता. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून आली होती. तिच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि पानाचा बटवा होता.

घोळ बटव्याने केला. तपासणीच्या यंत्रापाशी तो बाजूला काढून ठेवला गेला. आत आडकित्ता होता.

"हे नेता येणार नाही, आजी," तिथला जवान हिंदीत म्हणाला.

"का गो? मी का विमान कापनार हाय?" मावशी माझ्याकडे वळली.

मी तिला समजावलं. तिने आडकित्ता उचलून एकदा उघडला, मिटला आणि जवानाच्या हातात दिला. "सासूचा हाय. नीट वापर म्हनावं." जवानाला मराठी कळली नसावी, पण त्याने मान खाली घालून तो दोन्ही हातांनी घेतला. मग दोन्ही विमानांत मावशीने सुपारी दातांनी फोडली आणि दर वेळी त्या जवानाची आठवण काढली.

विमान वर चढलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. समुद्र दिसला तसा सोडला. खाली पांढऱ्या रेघा ओढत होड्या चालल्या होत्या. बराच वेळ ती काच सोडेना.

"आमी होडीत असताना वर बगतो, इमान जातंय म्हनून," ती म्हणाली. "आता ते वर बगत असतील. आन वर मी हाय!"

मी स्वतः त्याआधी चारदा विमानात बसले होते, सगळ्या वेळा कुणाच्या तरी लग्नाला. माझ्या मनात विमान म्हणजे चैन होती, फार तर वेळ वाचवायचं साधन. विमानावर कुणाची चूल अवलंबून असू शकते, हे या फेरीत कळायचं होतं.

चेन्नईच्या दक्षिणेला

हॅचरी शहरापासून दोनेक तासांवर, समुद्राला लागून होती. वाटेत प्रत्येक दारापुढे पांढरी रांगोळी, प्रत्येक बाईच्या केसांत गजरा. आमच्याकडे रांगोळी दिवाळीला निघते, इथे रोज पहाटे. मावशीचं लक्ष मात्र मासळीवाल्या बायकांकडे. त्या मोपेडवर मागे पाट्या बांधून भुर्रकन निघून जात होत्या. "बग बग," ती मला कोपराने ढोसत होती, "आन आमी अजून डोक्यावर वाहतो!"

हॅचरीची जबाबदारी सेल्वी नावाच्या पस्तिशीच्या बाईकडे होती. तिला हिंदी जेमतेम येत होती, माझी इंग्रजी तशीच, आणि मावशीला बोईसरच्या बाजारातली हिंदी. एवढ्या भांडवलावर दोन दिवस निभावले.

सेल्वीने आम्हाला काळ्या कापडाने झाकलेल्या टाक्या दाखवल्या. एकीत मोठी मादी होती, पोटाखाली लाखो अंड्यांचा गोळा धरून बसलेली. पुढच्या टाक्यांत पिल्लांचे टप्पे. शेवटच्या टाकीत जाळीच्या तुकड्यांना चिकटलेली मसुराएवढी पिल्लं, पण नांग्यांसकट सगळी तयार. मावशीने एक तळहातावर घेतलं. त्या मसुराने तिच्या बोटाला चिमटा काढला. मावशी इतकी मोठ्याने हसली की कामगार वळून बघायला लागले.

दुपारचं जेवण सेल्वीच्या घरी, केळीच्या पानावर. भात आणि माशांचं कालवण. चिंचेचा दणका असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने चवीने खाल्लं, पण निवाडाही दिला: "चांगलं हाय. पन चिंचेपरीस कोकम घातलं तर मासळी बोलते." मग बोंबलाची चटणी निघाली. सेल्वीने बोटभर चाटली, ठसका लागला, पाणी प्याली आणि परत वाटी पुढे केली.

शिकवणी दुसऱ्या दिवशी झाली. पिशव्या आधी बंदच ठेवून तळ्यात तरंगत सोडायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होऊ द्यायचं. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घालायचं. घाई केली तर पिल्लं धक्क्याने मरतात. सेल्वीने हे मावशीकडून तीनदा करवून घेतलं. तिसऱ्या वेळी मावशी वैतागली, "कळलं गो बाय, कळलं," तरी सेल्वीने चौथ्यांदा करायला लावलं. मावशीला ते आवडलं असावं. मला म्हणाली, "पोरगी कडक हाय. मारनार नाय आपली पिल्लं."

निघायच्या दिवशी पहाटे भरणी झाली. पिशवीत थोडं समुद्राचं पाणी, पिल्लं एकमेकांना खाऊ नयेत म्हणून जाळीचे तुकडे, वर प्राणवायू भरून घट्ट गाठ. अशा पिशव्या थर्माकोलच्या खोक्यांत. खोक्यांवर 'जिवंत माल' अशी लाल चिठ्ठी. खोकी मालाच्या खिडकीवरून आमच्याच विमानाच्या पोटात चढणार होती. सेल्वीने मावशीचे दोन्ही हात धरले आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. मावशीने तिला मराठीत उत्तर दिलं. दोघींना कळलं.

घिवलीच्या वर

सगळं सुरळीत चाललं होतं. मुंबईजवळ आल्यावर ढग दिसू लागले, काळे, डोंगरासारखे रचलेले. परतीचा पाऊस विजांसकट मुंबईवर बसला होता. विमान घिरट्या घालू लागलं. मग कप्तानाचा आवाज आला. मावशी माझ्याकडे वळली.

"काय म्हनतोय?"

"मुंबईला उतरता येत नाही. सुरतेला नेतायत."

"सुरत?" मावशीने बाहेर पाहिलं. उत्तरेकडे आभाळ मोकळं होत चाललं होतं. किनारा स्पष्ट दिसायला लागला. खाड्यांचे फाटे, मिठागरांचे चौकोन, मग पाण्याच्या काठाला वीज केंद्राच्या इमारती. मावशी काचेला नाक लावून किंचाळलीच.

"सुनंदा! ती आपली खाडी! तो बग बांध! अगं, ते आपलं तळं!"

खरंच होतं. तिवरांच्या हिरव्या पट्ट्यामागे नखाएवढं चकाकणारं पाणी. ज्या तळ्यासाठी आम्ही हा सगळा खटाटोप केला, त्याच्या डोक्यावरून आम्ही पिल्लं घेऊन उडत होतो आणि थांबू शकत नव्हतो. बघता बघता डहाणू मागे गेलं. मावशी खुर्चीत मागे टेकली. तिचा चेहरा मी तसा आधी एकदाच पाहिला होता, आदल्या वर्षी त्या खड्ड्यापाशी.

सुरत

सुरतेला ऊन कडक होतं. विमान तापलेल्या जमिनीवर उभं राहिलं, दरवाजे बंद. पाऊस ओसरला की परत निघायचं, असं सांगितलं गेलं. मला एकच दिसत होतं: आमच्या पायाखाली, पोटात, ती खोकी तापत आहेत.

मी घंटा दाबली. केबिन क्रूमधली एक तरुण मुलगी आली. मी काही बोलायच्या आत मावशी उभी राहिली आणि बोईसरच्या हिंदीत जोरात म्हणाली,

"बेटी, नीचे मेरे बच्चे हैं! गरमी में मर जाएँगे!"

पुढच्या-मागच्या सगळ्या रांगा वळल्या. मुलीचा चेहरा पांढरा पडला. "बच्चे? कार्गो में?"

"हाँ, हजारों!"

मी घाईघाईने "चिंबोरी, खेकडे, केकडे के बच्चे" असं सगळ्या भाषांत सांगितलं. मागून कुणीतरी हसलं, आणि मग अर्धं विमान. मावशी हसली नाही. ती तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दिसलं तसं हसू थांबलं.

मुलगी पुढे गेली. थोड्या वेळाने कप्तान स्वतः बाहेर आला. पिकलेल्या मिशांचा, शांत माणूस. मी त्याला गटाची गोष्ट सांगितली, जितकी थोडक्यात जमली तितकी.

मावशीने विचारलं, "साब, इधरच उतार दो ना. इधर से बोईसर सीधी रेल है."

"माल इथे उतरवायची मला परवानगी नाही, आई," तो हिंदीत म्हणाला. "पण खालचा दरवाजा उघडायला सांगतो, हवा खेळेल. आतली थंड हवाही चालू ठेवतो. आणि परवानगी मिळाली की आधी निघायचा प्रयत्न करतो." जाताना वळून त्याने विचारलं, "मोठी झाल्यावर कुठे जाणार ही?"

"सिंगापूरला," मी म्हणाले. माल घ्यायला तयार झालेल्या व्यापाऱ्याने तसं सांगितलं होतं.

"मग त्यांना विमानाची सवय व्हायला हवीच," तो म्हणाला.

पुढचा सव्वा-दीड तास आमच्याभोवती सभाच भरली. कुणी चिंबोरी किती दिवसांत वाढते ते विचारत होतं, कुणी रस्सा कसा करायचा ते. मावशीने राहिलेल्या भाकऱ्यांचे तुकडे आणि चटणी वाटली. तो वास विमानभर झाला. नाक मुरडणारा एक गृहस्थसुद्धा शेवटी हात पुढे करून गेला. मग यंत्र घरघरलं आणि विमान निघालं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुंबईला उतरल्यावर एरवी जी उठायची घाई होते ती झाली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी आजींना जाऊ दे." आणि लोक खरंच बसून राहिले. खोकी मिळायला तासभर लागणारच होता, आमच्या लवकर उतरण्याने काही फरक पडणार नव्हता. पण मी ते कुणाला सांगितलं नाही. मावशी मधल्या वाटेने दोन्ही बाजूंना हात जोडत चालली होती.

मालाच्या गोदामात थांबलो तेव्हा मी पहिल्यांदाच नीट बघितलं की विमानांच्या पोटात काय काय असतं. एका रांगेत औषधांची खोकी, पाठवणाऱ्याचा पत्ता तारापूर औद्योगिक वसाहत, बोईसर. शेजारच्या सालवड गावात राहणारी, आमच्या ओळखीची कितीतरी माणसं असली खोकी भरतात. "हे गुवाहाटीला चाललंय, ताई," तिथला हमाल म्हणाला. "रस्त्यानं आठवडा जाईल, तोवर पेशंटनं काय करायचं?" शेजारी ओल्या कापडात गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या करंड्या होत्या. तो जव्हारकडच्या डोंगरातला. त्या भागातली घरं पाऊस संपला की कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जायची. "आता ज्यांच्याकडं मोगरा हाय ती थांबतात," हमाल म्हणाला. "फूल सकाळी खुडलं, संध्याकाळी दुसऱ्या राज्यात."

इतकी वर्षं आमच्या गच्चीवरून जाणारी विमानं मी पाहत होते. त्यांच्यात आपल्याच गावाकडच्या हातांची मेहनत इतकी भरलेली असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

खोकी आली. मावशीने एकाला कान लावला. "काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली आणि उठली. "चल."

तळ्यावर

मावशीचा पुतण्या गाडी घेऊन आला होता. बांधावर पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गटातल्या सगळ्या जणी विजेऱ्या घेऊन उभ्या होत्या. आणि त्यांच्यामागे पुरुषही. या वेळी कुणी खिडकीच्या जागेचं बोलत नव्हतं.

मावशीने लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. पिशव्या तरंगत ठेवल्या. एका तरुण मुलीने लगेच गाठ सोडायला हात घातला, तशी मावशीने तिच्या हातावर चापट मारली. "थांब! अजून नाय." सेल्वीचाच आवाज तिच्या तोंडून येत होता. सगळे थांबलो.

मग पहिली पिशवी उघडली. विजेरीच्या उजेडात जाळीचे तुकडे दिसले, त्यांना चिकटलेले ठिपके, एकही हलत नव्हता. मावशीने ओंजळीने तळ्याचं पाणी आत घातलं. थांबली. पुन्हा घातलं. माझ्या शेजारची मुलगी हुंदका देऊन मागे वळली.

"हालला," मावशी म्हणाली.

"कुठं?"

"हा बग. हा पन. अगं, हे सगलेच हालतात!"

ठिपके सुटू लागले. एक, मग पाच, मग मोजता येईनात इतके, तिरके तिरके पोहत पिशवीच्या कडेवरून तळ्यात. दोन पिशव्या तेवढ्या गेल्या होत्या, त्यांतलं काही वाचलं नाही. बाकी सगळ्या जगल्या. सगळ्या! बांधावर असा गलका झाला की वस्तीतून लोक धावत आले. ज्याने खिडकीच्या जागेवरून चेष्टा केली होती तो गुडघाभर पाण्यात उतरून रिकाम्या पिशव्या गोळा करत होता. मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मोठमोठ्याने सेल्वीला फोनवर सांगत होती, मराठीत, आणि पलीकडून तमिळमध्ये आनंदाचा तसाच कल्लोळ ऐकू येत होता.

आंबे उतरू लागले तेव्हा

पिल्लांनी कितीदा कात टाकली आणि बायकांनी कसा पहारा केला, ते त्याच सांगतील. मी सांगते ती शेवटची सकाळ.

चिंबोऱ्या तळहाताहून मोठ्या झाल्या होत्या. एकेकीच्या नांग्या सुतळीने बांधून, ओल्या गोणपाटात घालून खोकी भरली गेली. पूर्वी चिंबोरी दिवस मावळेपर्यंत खपली नाही तर मिळेल त्या भावाला द्यावी लागायची, नाहीतर घरीच रांधावी लागायची. आता व्यापारी बांधावर उभा होता आणि मावशी त्याला भाव सांगत होती. तिघी तरुण मुलींनी ठेकेदाराकडचं नाव केव्हाच काढून घेतलं होतं. त्याच खोक्यांवर पत्ते लिहीत होत्या.

दुपारी टेम्पो विमानतळाकडे गेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घिवलीला जाऊन बसले. जेवणं झाली तेव्हा मावशीच्या फोनवर व्यापाऱ्याने चित्रफीत पाठवली. सिंगापुरातल्या एका दुकानाचं पांढरं लखलखीत टेबल, त्यावर हिरवट काळी चिंबोरी. अनोळखी हाताने सुतळी कापली. चिंबोरीने नांगी उघडली, वर उचलली आणि त्या हाताच्या बोटाकडे झेप घेतली. हात घाबरून मागे गेला.

आठही जणी एका फोनवर वाकल्या होत्या. मग मावशी ताठ उभी राहिली आणि अंगणातून, समुद्राकडून येणाऱ्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जिती पोचली! आन पोचल्या पोचल्या सायबाला चावाया निघाली!"

त्या दुपारी घिवलीत कुणी झोपलं नाही.